मंगळवारच्या पत्राची वेळ

ह्या ओळी लिहिणारीची आणि आक्कांची ओळख एका चष्म्यावरून झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रौढांसाठी सायंकाळी जो वाचनवर्ग भरतो, त्यात दोघींनी एकाच महिन्यात नाव घातले होते आणि दोघींच्या वाट्याला खिडकीजवळचा एकच बाक आला होता. पहिल्याच आठवड्यात लिहिणारी आपला चष्मा घरी विसरली. आक्कांनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला आणि त्या म्हणाल्या, "घाला. एक ओळ तुम्ही वाचा, मग एक मी वाचते. आपल्याला कसली घाई? एवढं आयुष्य थांबलो, अजून पाच मिनिटं." एका चष्म्यावर दोन बायकांनी तो धडा पुरा केला. आक्कांच्या धाकट्या भावाची ओळख पुढे आक्कांमुळेच झाली, आणि हे लिखाण त्या बहीणभावांविषयी आहे.

भाऊ बसडेपोत कंट्रोलर होते. कोणती गाडी किती वाजता सुटेल हे ठरवणारा आणि ती त्याच वेळी सुटते की नाही हे पाहणारा, तो कंट्रोलर. नोकरी संपली तरी हे नाव सुटले नाही. वाचनालयात शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणत. आक्का तेवढ्या त्यांना "धाकट्या" म्हणत, जरी धाकट्याचे केस आक्कांच्या आधी पांढरे झाले होते.

साहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ. शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. बोलणे मोजके. नोकरीत त्यांचा एकच नियम होता: गाडी कोणासाठी थांबत नाही. जो एकासाठी गाडी थांबवतो तो आत बसलेल्या सगळ्यांचा वेळ चोरतो, असे ते म्हणत. ह्या नियमाची गोष्ट आक्का बाकावर बसून पुष्कळदा सांगत, आणि दर वेळी त्यांना पहिल्याइतकेच हसू येई.

"मी फाटकातून धावत येतेय. दोन हातांत दोन पिशव्या. हा मला बघतोय. बघितलं, आणि वाजवली शिट्टी. गाडी गेली. मग आला, पिशव्या घेतल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणतो, 'आक्का, पुढची गाडी पाऊण तासाने आहे.' मी म्हटलं, 'अरे, मी तुझी सख्खी बहीण.' तर म्हणतो, 'म्हणून तर खुर्ची दिली.'"

वाचनालयाचे एक साप्ताहिक पत्र आहे. ते ईमेलने सभासदांना आणि वर्गातल्या सगळ्यांना जाते. त्यात नव्या पुस्तकांची माहिती असते, सूचना असतात, एखादी लहानशी गोष्ट असते, आणि सर्वांत शेवटी "वर्गाचा कोपरा" असतो. हा कोपरा वर्गाला शिकवणाऱ्या आमच्या बाई लिहितात, मोठ्या अक्षरांत आणि सोप्या शब्दांत, म्हणजे वर्गातल्या माणसांना तो घरी बसून वाचता यावा. पूर्वी हे पत्र सचिव पाठवत. त्यांना आठवेल तेव्हा ते जाई. कधी सोमवारी, कधी शनिवारी, एकदा तर एकाच दिवशी दोनदा आणि त्यानंतर महिनाभर शुकशुकाट. निवृत्तीनंतर कंट्रोलरसाहेब रोज वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येऊ लागले. एके दिवशी ते सचिवांना म्हणाले, "साहेब, ह्याला साप्ताहिक म्हणायचं की अवचित आलेला पाहुणा?"

सचिव जबाबदारी टाकायला निमित्तच शोधत होते. ते म्हणाले, "मग तुम्हीच घ्या की."

साहेबांनी ती जबाबदारी अशी घेतली की जणू डेपो पुन्हा हाती आला. ते संगणकावर बसायला शिकले. पत्र कोणी उघडले आणि केव्हा उघडले, हे पडद्यावर दिसते असे त्यांना कळले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी एकेक आठवडा एकेक वेळ करून पाहिली. सोमवारी सकाळी माणसे कामाच्या ढिगाखाली असतात, पत्र तसेच पडून राहते. शनिवारी माणसे बाहेर असतात. रविवारी दुपारी झोपलेली असतात. गुरुवारी सायंकाळी साडेसातला मात्र पत्र पडते न पडते तोच पडद्यावर आकडे वर चढू लागत. विशेष म्हणजे वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची पत्रे तासाभरात उघडली जात. ठरले. गुरुवार, साडेसात. ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

वेळ आधी सांगून ठेवली तर संगणक पत्र आपण होऊन पाठवतो. साहेबांना ते मान्य नव्हते. गुरुवारी ते स्वतः येऊन बसत, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, काटा जागेवर आला की बटण दाबत आणि हलकेच म्हणत, "जाऊ द्या." ड्रायव्हरांना ते आयुष्यभर हेच म्हणत आले होते.

आता ह्या नियमाच्या माणसाच्या मनात काय होते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा आक्कांची शाळा सुटली, ती पुन्हा लागली नाही. धाकट्याला आंघोळ घालणे, शाळेत पोचवणे, शाळा सुटेपर्यंत कुंपणाबाहेर बसून राहणे, हे त्यांचे काम झाले. धाकटा शिकला आणि नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरी गेला. तेथून त्याने आक्कांना पहिले पत्र लिहिले. आक्कांना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे नेले. दुकानात गिऱ्हाइके उभी होती. दुकानदाराने मोठ्या आवाजात वाचले. पत्रात धाकट्याने लिहिले होते की रात्री तुझी आठवण येते आणि रडू येते. दुकानदार वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "एवढा घोडा झाला आणि रडतोय." गिऱ्हाइके हसली. सुटीत धाकटा घरी आला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी रडण्याचे सोंग करून त्याचे स्वागत केले. त्यानंतर धाकट्याने जितकी पत्रे पाठवली, त्यांत एवढाच मजकूर असे: मी बरा आहे, तुम्ही सर्व बरे असाल.

तोंडाने बोलणे त्यांना कधी जमले नाही. कागदावर जमले असते, पण आक्का आणि कागद ह्यांच्यामध्ये नेहमी तिसऱ्याचे तोंड होते: आधी दुकानदाराचे, मग आक्कांच्या यजमानांचे, मग मुलाचे, आता सुनेचे. आक्कांनी साठीनंतर वर्गात नाव घातले, ते बसवरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. पण साहेबांच्या मनात तेव्हा दुसरीच गाडी सुटली होती. आक्का स्वतः वाचू लागल्या की त्यांना एक पत्र लिहायचे, जे मध्ये कोणाच्याही तोंडातून न जाता थेट त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचेल. हे त्यांनी फक्त आमच्या बाईंना सांगितले होते, तेही "कोणती अक्षरं झाली, कोणती राहिली?" असे वरचेवर का विचारता, हे बाईंनी खोदून खोदून विचारल्यावर.

आणि आक्का तर छान वाचत होत्या. पडद्यावर त्यांचे पत्र दर गुरुवारी सर्वांत आधी उघडले जाई. शनिवारी बाई तेच पत्र साहेबांकडून कागदावर छापून घेऊन वर्गात वाचायला देत, तेव्हा आक्का कोपरा घडाघडा वाचून दाखवत. साहेब कागद वाटायच्या निमित्ताने वर येत आणि मागे दाराशी उभे राहून ऐकत.

एका शनिवारी असे झाले. गुरुवारच्या पत्रातील कोपऱ्यात लिहिले होते की बुधवारी वर्ग बंद राहील. शुक्रवारी बाईंनी सुटीचा दिवस बदलला. साहेबांनी छापण्याआधी कागदावर तेवढा एक शब्द दुरुस्त केला: बुधवारीच्या जागी शुक्रवारी. बाकी पत्र तेच.

आक्का उभ्या राहिल्या. कागद डोळ्यांसमोर धरला आणि न अडखळता म्हणाल्या, "बुधवारी वर्ग बंद राहील."

बाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

"बुधवारी वर्ग बंद राहील."

बाईंनी बाजूच्या रखवालदारांना उठवले. हे एका गोदामावर राखण करतात. त्यांनीही खणखणीत आवाजात बुधवारच सांगितला. त्यांच्यामागे शिंपीणबाई. त्याही बुधवार. बाईंनी फळ्यावर "शुक्रवारी" लिहिले आणि कागदाशी ताडून पाहायला सांगितले. वर्ग कागदाकडे पाहत राहिला.

"छापणाऱ्याचं चुकलं असेल," शिंपीणबाई म्हणाल्या.

"छापणारे तुमच्या मागे उभे आहेत," बाई म्हणाल्या. "आणि त्यांचं चुकलेलं नाही. आक्का, खरं सांगा, हे पत्र घरी कोण वाचतं?"

आक्का खाली बसल्या. "मी वाचते की. म्हणजे आधी सूनबाई वाचते, मग मी."

एकेक करून सगळ्यांचे उघड झाले. कोणाची सून, कोणाचा नातू, रखवालदारांची लेक. ह्या ओळी लिहिणारीचेही तेच होते, तिचा मुलगा वाचून दाखवी. ऐकलेले पत्र पुन्हा वाचायला घेतले की डोळ्यांच्या आधी कान धावतात. आम्ही सगळे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होतो आणि आपली तहान आपणच भागवली असे समजत होतो. रखवालदार म्हणाले, "म्हणजे एवढे महिने आपली पोपटपंचीच चालली होती म्हणा." कोणी हसले नाही.

दाराशी कंट्रोलरसाहेब उभे होते. त्यांनी शिल्लक कागदांची चळत नीट केली आणि ते जिना उतरून गेले.

पुढच्या गुरुवारी बटण दाबून झाल्यावर ते घरी न जाता थेट आक्कांकडे गेले. मुलगा कारखान्यातून नुकताच आला होता. सूनबाई औषधाच्या दुकानातली पाळी संपवून आल्या होत्या आणि भाजी चिरत होत्या. आक्कांसाठी घरात एक जुना फोन होता, सूनबाईंनी नवा घेतल्यावर उरलेला. तो फळीवर असे. पत्र आल्याचा आवाज झाला होता, आणि सूनबाईंनी हात पुसून फोन घेऊन वाचायला सुरुवातही केली होती. वाचणे भरभर आणि गोड. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. "ते गमतीचं पुन्हा वाच गं," त्या म्हणाल्या.

सूनबाई म्हणाल्या, "मामा, बसा ना. तुमचं पत्र आलं की आईंना दम निघत नाही. मी आल्या आल्या वाचून टाकते बघा."

ह्यात रागावण्यासारखे काय होते? सून मायेने वाचत होती. साहेबांना तेव्हा कळले की गुरुवारचे साडेसात का चालतात. ती वेळ अशी होती की घराघरांत वाचता येणारे माणूस नुकतेच परतलेले असे. पडद्यावरचा आकडा खरा होता, पण तो सुनांचा आणि नातवांचा होता. मनातले पत्र मुद्दाम पाकिटात घालून पाठवावे, तर दारात "मामांचं पत्र" म्हणून सूनबाईच ते उघडणार आणि तिथेच वाचणार. सुनेला वाचू नको म्हणावे, तर ती विचारणार, का?

सूनबाई आत गेल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढले आणि विचारले, "आक्का, तू घरात एकटी कधी असतेस?"

"का रे? चोरी करायचीय?"

"सांग तर."

"एकटी कुठली. सकाळी ही दोघं जायची गडबड. दुपारी शेजारीण येऊन बसते. संध्याकाळी तर बघतोसच." आक्कांनी विचार केला. "हां, मंगळवारी ते कपड्यांचं मशीन लावते तेव्हा असते. तेव्हा कुणी फिरकत नाही. आवाज फार करतं ना."

"मशीन लावून तू काय करतेस?"

"त्याच्याशेजारी स्टुलावर बसते. जोरात फिरायला लागलं की ते चालायला लागतं, दारापर्यंत येतं. म्हणून एक हात त्याच्यावर ठेवून बसते. घराबाहेर पडलं तर लोक म्हणतील, म्हातारीला कंटाळून मशीन निघालं."

"आणि दुसरा हात?"

"दुसरा मोकळा. त्याला काय काम?"

साहेबांनी लिहून घेतले. मंगळवार, सकाळी साडेदहा.

आता पेच असा होता. पत्र एक होते आणि वाचणारे पुष्कळ. ते मंगळवारी सकाळी सोडायचे म्हणजे सगळ्या प्रवाशांची गाडी एका बाईसाठी हलवायची, आणि ती बाई कोण, तर सख्खी बहीण. ज्या माणसाने तिला डोळ्यांदेखत मागे ठेवून गाडी सोडली होती, तो आता दोन दिवस अंगणात येरझारा घालत राहिला. तिसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला आणि पुढच्या पत्रात त्याने सूचना घातली: यापुढे पत्र मंगळवारी सकाळी साडेदहाला निघेल. कारण लिहिले नाही. सचिवांनी विचारले तर म्हणाले, "करून बघू." ही त्यांच्या तोंडची भाषा नव्हती.

पहिल्या मंगळवारी आकडे गडगडले. दुसऱ्या मंगळवारी आणखी. सचिव पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, चांगली भरलेली गाडी तुम्ही रिकामी करून दाखवलीत. लोक मला विचारताहेत, पत्र बंद केलं का?"

वर्गातही कुरकुर होती. रखवालदार रात्रपाळी करून त्या वेळी झोपलेले असत. ह्या ओळी लिहिणारीच्या घरी एकच फोन आणि तो मुलाबरोबर कामावर जाई. संध्याकाळी फोन घरी येईपर्यंत पत्र इतर पन्नास गोष्टींखाली दबलेले असे. तिने तसे साहेबांना सांगितले, जरा तिखट शब्दांतच सांगितले, कारण तिला आतली गोष्ट ठाऊक नव्हती. साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." एवढेच. तिला तेव्हा वाटले की ह्या माणसाला काहीतरी लागले आहे.

मंगळवारी दुपारी आक्का स्वतः वाचनालयात आल्या, वर्गाची वेळ नसताना. त्यांच्या हातात जुना फोन होता.

"धाकट्या, हे काय चाललंय? पत्र मंगळवारी का येतं?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"माझ्या मशीनच्या वेळेला का येतं?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, जणू तेच काही सांगेल. मग म्हणाले, "तू स्वतः वाचावंस म्हणून."

आक्का समोरच्या खुर्चीवर बसल्या. "वाचते ना. आज अर्धं वाचलं. डोकं दुखायला लागलं. सूनबाई वाचते तेव्हा कसं लोण्यासारखं जातं." मग त्या म्हणाल्या, "पण मग बाकीच्यांचं काय रे? ती माझ्या बाकावरची बाई परवा किती चिडली होती. माझ्या एकटीसाठी एवढ्यांना ताटकळत ठेवलंस?"

"हो," साहेब म्हणाले. "चुकलंच ते."

"आता अक्कल आली. तेव्हा बरी मला फाटकात ठेवून गाडी सोडलीस." आक्का हसल्या, मग गंभीर झाल्या. "तू डेपोतून दिवसाला एकच गाडी सोडायचास का?"

साहेबांनी वर पाहिले.

"कामगारांची पहाटेची वेगळी, शाळेची वेगळी, दुपारची वेगळी. मग पत्राला एकच वेळ कुणी सांगितली? फेऱ्या लाव की."

साहेबांनी पेन काढले. हे इतके सोपे आपल्याला का सुचले नाही, असे त्यांनी नंतर बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं गाड्या सोडल्यात. पत्र सोडण्याची ही पहिलीच नोकरी."

तरी एक अडचण उरली. वर्गातल्या प्रत्येकाला विचारायला हवे होते की तुम्ही फोनजवळ एकटे कधी असता. शनिवारी साहेब वर आले, बाकाबाकाशी गेले, आणि शिंपीणबाईंसमोर उभे राहून अत्यंत अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही घरी एकट्या कधी असता?"

शिंपीणबाईंनी पदर सावरला. "अहो कंट्रोलरसाहेब," त्या म्हणाल्या, "हे विचारायला चाळीस वर्षं उशीर केलात."

हसण्याचा असा लोट आला की खालून शिपाई पाहायला आला. साहेब कानापर्यंत लाल झाले. शेवटी आक्काच उठल्या, "दे इकडे ते पेन," म्हणाल्या, आणि त्यांनी सगळ्यांना विचारून घेतले. रखवालदारांना पहाटे, गोदामाचे फाटक उघडण्याआधी, हातात कंदिलासारखा फोन धरून. ह्या ओळी लिहिणारीला रविवारी दुपारी, मुलगा फोन चार्जिंगला लावून झोपतो तेव्हा. आक्कांना मंगळवारी, मशीनच्या वेळी. सभासदांसाठी गुरुवारचे साडेसात पुन्हा सुरू झाले, आणि सचिवांचा आकडा परत जागेवर आला. शिंपीणबाई म्हणाल्या, "माझं गुरुवारीच ठेवा. नातू वाचतो आणि मी ऐकते. तेवढाच तो माझ्याजवळ बसतो. वाचायला मी वर्गात येतेच आहे." साहेबांनी तेही मान्य केले.

त्यानंतरच्या महिन्यांत वर्गाचे वाचन बिघडले. म्हणजे पूर्वी जे घडाघडा चाले ते आता अडखळू लागले. आक्का एकेका शब्दाशी झटत, जोडाक्षर आले की चष्मा वर सरकवत, पुन्हा मागे जाऊन शब्द पकडून आणत. एका शनिवारी बाईंनी छापून घेताना मुद्दाम एक ओळ बदलली. आक्का तिथे आल्या आणि थांबल्या.

"हे मंगळवारी नव्हतं," त्या म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "काय नव्हतं?"

"मंगळवारी कुत्रा काळा होता. आज पांढरा लिहिलाय."

दाराशी उभे असलेले साहेब त्या दिवशी जिना उतरून गेले नाहीत. वर्ग सुटेपर्यंत तिथेच राहिले, आणि मग बाईंना विचारू लागले की आजवर कोणती अक्षरे झाली, कोणती राहिली.

ते पत्र त्यांनी किती दिवस लिहिले, कसे लिहिले, हे ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की एका मंगळवारी साडेदहाला वाचनालयाचे पत्र गेले आणि त्याच्यामागून आणखी एक गेले, फक्त आक्कांच्या नावाने. शिपाई सांगतो की साहेबांनी बटणावर बोट ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. घड्याळाचा काटा वेळेच्या पुढे सरकला तरी गाडी सुटत नव्हती. शिपायाने असे पूर्वी कधी पाहिले नव्हते. मग साहेब हलकेच म्हणाले, "जाऊ द्या."

थोड्या वेळाने पडद्यावर दिसले की पत्र उघडले आहे. पण उघडणे आणि वाचणे ह्यांतला फरक आता साहेबांना पुरता कळला होता, त्यामुळे त्या आकड्याने त्यांचे समाधान होईना. कोणी उघडले? मशीन लवकर थांबले असेल का? सुनेला नेमकी त्याच दिवशी सुटी असेल का? मोठ्याने वाचून दाखवले गेले असेल का, आणि ऐकणारे हसले असतील का? आक्का शनिवारी वर्गात आल्या, काही बोलल्या नाहीत. साहेबही ताकास तूर लागू देईनात. पुढच्या शनिवारी तेच. साहेब जेवणावर मन नसल्यासारखे दिसू लागले. ह्या ओळी लिहिणारीने आक्कांना विचारले की भावाचे काही बिनसले आहे का. आक्का म्हणाल्या, "नाही. माझंच अजून व्हायचंय." लिहिणारीला अर्थ लागला नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी जिना उतरत होतो. आक्कांचा एक हात कठड्यावर होता. खालच्या पायरीशी साहेब उरलेले कागद काखेत घेऊन उभे होते. आक्का त्यांच्यासमोर आल्या. त्यांनी भावाच्या शर्टाची वरची गुंडी पाहिली, ती लावलेलीच होती, तरी हाताने नीट केली, जशी शाळेत पोचवताना करत असतील.

"काल झालं पुरं," त्या म्हणाल्या. "चार मंगळवार लागायचे, पण काल घरात कुणी नव्हतं, मग शेजारीण येऊन बसू नये म्हणून मशीन लावलं नुसतंच. आत कपडे न टाकता."

साहेबांनी मान हलवली.

"कुणाला दाखवलेलं नाही. सूनबाई घरी आल्यावर विचारत होती, ओल्या डोळ्यांनी मशीनपाशी काय बसलाय म्हणून. म्हटलं, साबणाची पूड गेली."

मग त्या एक पायरी उतरल्या, थांबल्या, वळल्या, आणि त्यांनी भावाकडे एक मागणे मागितले.

"पुढचं जरा लहान लिही, धाकट्या. मशीन थांबायच्या आत संपेल एवढं."